टर्न, रोटेट, स्पिन : आपल्याकडे सगळं ‘फिरवणं’, मग इंग्रजीत शब्द इतके कशाला?

प्रश्न विचारणारे टर्नर ट्रेडचा आयटीआय करून सध्या वाळूज एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनवर आहेत. त्यांचं म्हणणं असं : “मशीनच्या मॅन्युअलमध्ये एका ठिकाणी ‘टर्न द नॉब’ आहे, त्याच पानावर खाली ‘रोटेट द चक बाय हँड’, आणि मेन्टेनन्सच्या भागात ‘डू नॉट स्पिन द बेअरिंग विथ कॉम्प्रेस्ड एअर’. डिक्शनरीत तिन्हींच्या पुढे फिरवणे लिहिलंय. मग टर्न म्हणजे नक्की काय, वळणं की फिरणं? आणि बाहेरच्या कस्टमरला ईमेल लिहिताना मी यातला कुठला शब्द धरू?”

मी आधी लेथवर काम केलं, नंतर आयटीआयच्या पोरांना टर्निंग शिकवलं आणि आता कारखान्यांत कामगारांना कामापुरतं इंग्रजी शिकवतो. त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. पण प्रश्न ज्या पद्धतीनं विचारला जातो तिथंच घोळ आहे. ‘वळणं की फिरणं’ असं विचारलं की त्याचं उत्तर मिळतच नाही, कारण ही विभागणी मराठीची आहे. वस्तू जागेवर गोल गेली तर आपण फिरली म्हणतो, दिशा बदलली तर वळली. शिवाय आपोआप झालं की फिरली आणि कुणी केलं की फिरवली, हेही आपण क्रियापदातच सांगतो. इंग्रजी टर्नला यातलं काहीच पडलेलं नाही. चाक टर्न होतं, माणूस चाक टर्न करतो, रस्ता डावीकडे टर्न होतो, सगळीकडे शब्दाचं रूप तेच.

टर्नचं लक्ष वेगळ्या गोष्टीवर असतं : फिरून झाल्यावर काय बदललं? नॉब आधी शून्यावर होता, आता तीनवर आहे. ड्रायव्हरचं तोंड पैठणकडे होतं, आता बीडकडे आहे. किती फिरलं, कोणत्या अक्षावर, किती वेगानं, हे त्याच्या दृष्टीनं दुय्यम. शब्द निवडताना मी पोरांना एवढंच विचारायला सांगतो की, क्रिया संपल्यावर वस्तू वेगळ्या स्थितीत राहते का? राहत असेल तर बहुतेक वेळा टर्न चालतं. ती नुसती फिरतच राहणार असेल आणि तुम्हाला त्या फिरण्याबद्दलच बोलायचं असेल, तर रोटेट किंवा स्पिनकडे जा. ‘बहुतेक वेळा’ म्हणतोय, कारण ‘द व्हील इज टर्निंग’ असंही सर्रास म्हणतात. साध्या, घरगुती इंग्रजीत टर्न सगळ्यांच्या जागी उभा राहतो. तो चुकीचा ठरायची भीती कमी. फक्त कधी कधी तो अपुरा पडतो, आणि कारखान्यात अपुरा शब्द म्हणजे रिजेक्शन.

आता एक गोष्ट खास टर्नर लोकांसाठी. हा शब्द जन्मला तुमच्याच मशीनवर. ग्रीकमध्ये ‘तोर्नोस’ म्हणजे वर्तुळ आखायचं सुताराचं साधन, आणि लेथसुद्धा. त्यावरून लॅटिनमध्ये ‘तोर्नारे’ झालं, लेथवर लावून गोल करणे. तिथून जुन्या इंग्रजीत आणि जुन्या फ्रेंचमधूनही तो इंग्रजीत आला आणि मग त्याचे अर्थ सुटत गेले : फिरवणे, वळणे, पालटणे, होणे. म्हणजे ‘लेफ्ट टर्न’ ही पुढची शाखा आणि तुमच्या सर्टिफिकेटवरचं ‘टर्नर’ हे मूळ खोड. ‘टूर’ आणि ‘रिटर्न’ हेही याच खोडाचे फुटवे. मी हे केवळ गंमत म्हणून सांगत नाही. लेथवर आपण जॉब (घडवायचा तुकडा) फिरवतो तो फिरवण्यासाठी नाही, तर त्याचा आकार बदलावा म्हणून. टर्नमध्ये ‘शेवटी काय झालं’ याला वजन आहे ते असं सुरुवातीपासूनच.

म्हणून ड्रॉइंगवर ‘टर्न टू ४० मिमी’ असतं तेव्हा कुणी फिरवायला सांगत नाही, व्यास ४० वर आणायला सांगतंय. मिलिंग मशीनवरही कटर फिरतोच की, पण त्या कामाला कुणी टर्निंग म्हणत नाही. जॉब फिरतो आणि टूल नुसतं सरकतं, ते टर्निंग.

आता मॅन्युअलमधल्या सूचनांकडे येऊ. तिथं टर्न नाम म्हणून येतो आणि माप होतो. ‘वन फुल टर्न’ म्हणजे पूर्ण एक फेरा, ३६० अंश. ‘हाफ टर्न’ १८०, ‘क्वार्टर टर्न’ ९०. बऱ्याच ऑइल फिल्टरवर लिहिलेलं असतं की गॅस्केट टेकल्यावर पुढे पाऊण टर्न. इथं घोटाळा शब्दाचा नसतो, मोजायला सुरुवात कुठून करायची याचा असतो. आपली माणसं पहिल्या आट्यापासून मोजतात. पण सूचनेतलं ‘आफ्टर’ वाचा : टेकल्यानंतर. टेकेपर्यंत कितीही फेरे होवोत, ते मोजायचे नाहीत. इंग्रजी सूचना वाचताना क्रियापदापेक्षा त्याच्या आजूबाजूचे बारके शब्द जास्त महत्त्वाचे असतात आणि आपण नेमके तेच गिळून टाकतो.

ते बारके शब्द टर्नच्या मागे आले की अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘टर्न द पार्ट राउंड’ म्हणजे पार्टचं तोंड मागं करा, तो बसलाय तसाच राहील. ‘टर्न द पार्ट ओव्हर’ म्हणजे पलटी मारा, खालची बाजू वर. ‘टर्न इट एंड फॉर एंड’ म्हणजे चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या पंज्यात) धरलेलं टोक बाहेर आणि बाहेरचं आत, आपला रोजचा सेकंड सेटअप. तिन्ही ठिकाणी फिरवून १८० अंशच होतात. प्रोग्रॅम मात्र तीन वेगळे लागतात.

‘ओव्हर’बद्दल आणखी थोडं सांगतो, कारण नुकसान होतं ते इथं. चौकोनी प्लेट मशीनवर आहे आणि सूचना आली, ‘टर्न ओव्हर अँड ड्रिल द अदर साइड’. भाकरी तव्यावर कशीही परता, फरक पडत नाही, ती गोल आहे. प्लेटचं तसं नाही. डावी कड उजवीकडे नेऊन पलटी मारली तर एका कोपऱ्यातलं भोक एका ठिकाणी येतं, पुढची कड मागं नेऊन मारली तर दुसऱ्याच ठिकाणी. टर्न ओव्हर एवढ्या शब्दांत हे कळतच नाही. इंग्रज माणसालाही कळणार नाही. अशा वेळी आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समजून गप्प बसू नका, विचारा. आणि स्वतः लिहिताना इथं टर्न सोडून रोटेट घ्या : ‘रोटेट द प्लेट १८० डिग्रीज अबाउट द एक्स ॲक्सिस’. रोटेटचा खरा उपयोग हाच. तो अक्ष आणि अंश सोबत घेऊन चालतो. त्याचं मूळ लॅटिन ‘रोटा’, म्हणजे चाक, आणि चाक म्हटलं की आस आलाच. जिथं अक्ष सांगणं भाग आहे तिथं रोटेट, हा नियम मी डोळे झाकून पाळतो.

याच मुळाचा आणखी एक शब्द आपल्या शिवारात रुळलाय तो म्हणजे रोटाव्हेटर. हे मुळात ऑस्ट्रेलियातलं व्यापारी नाव. इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं तरी तेच येतं, सुट्टीच्या दिवशी पोरांना लिहून बघायला लावा. आपल्याकडे त्याचं ‘रोटा मारला’ झालं, झकास झालं.

रोटेट म्हणताना दिशा द्यायची असेल तर क्लॉकवाइज एवढं लिहून भागत नाही, कुठून बघून ते लिहावं लागतं. छताचा पंखा खालून बघाल तर एका बाजूला फिरतो, वरून बघायची सोय असती तर उलटा दिसला असता. मोटारीसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या पद्धतीत ड्राइव्ह एंडकडून, म्हणजे शाफ्ट जिथून बाहेर येतो त्या बाजूनं बघतात. अमेरिकेच्या नेमा पद्धतीत बघायची बाजू विरुद्ध. दोन्हीकडे शब्द क्लॉकवाइजच. तीन फेजच्या पंपाची कुठलीही दोन टोकं अदलाबदल केली की मोटार उलटी फिरते, हे गावाकडं बोअरवाल्याला तोंडपाठ असतं. पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी येत राहतं, म्हणून शेतकऱ्याला वाटतं बोअर आटला. त्या वेळी फोनवर ‘उलटी फिरते’ म्हटलं तर मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठून बघताय?’ ईमेलमध्ये त्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून टाका.

इथं काही जणांना शाळेचं पुस्तक आठवेल. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, इंग्रजीत रोटेशन. सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, रिव्होल्यूशन. भूगोलात हे बरोबर आहे, परीक्षेत असंच लिहा. पण ५० मिमी व्यासाचा जॉब १०० मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीडनं चालवायचा म्हटलं की हिशेब येतो साधारण ६३७ आरपीएम, आणि या आरपीएममधला ‘आर’ रिव्होल्यूशन्सचा असतो. स्पिंडल तर कशाभोवती प्रदक्षिणा घालत नाही, स्वतःभोवतीच फिरतो! पोरं इथं अडकतात, आणि त्यांचं अडकणं योग्यच आहे. उत्तर असं की शाळेतला फरक खगोलाच्या सोयीसाठी घट्ट केलेला आहे. कारखान्याच्या इंग्रजीत रिव्होल्यूशन म्हणजे मोजायचा एक फेरा, बाकी काही नाही. एका विषयातली व्याख्या दुसऱ्या विषयात तशीच नेऊ नका.

स्पिनचं गणित मराठवाड्याच्या माणसाला पटकन कळायला पाहिजे, कारण हा शब्द सूतकताईतला. स्पिन म्हणजे मूळचं सूत कातणं : तंतू ओढायचा आणि पीळ द्यायचा. गरगर फिरण्याचा अर्थ त्याला कित्येक शतकांनी चिकटला, कारण कातताना चाती गरगर फिरते. त्या चातीचं इंग्रजी नाव स्पिंडल, आणि तेच नाव आज तुमच्या सीएनसीच्या हेडस्टॉकमध्ये बसलंय. सूतगिरणीत गेलात तर टर्नही भेटेल, टर्न्स पर इंच या मापात. ३० काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप) सुताला ट्विस्ट मल्टिप्लायर, म्हणजे पीळ किती द्यायचा ते ठरवणारा आकडा, ४ धरला तर इंचाला जवळपास २२ टर्न बसतात. तिथं स्पिन हे सगळ्या कामाचं नाव, ट्विस्ट म्हणजे धाग्यात राहिलेला पीळ आणि टर्न म्हणजे त्या पिळाचा एक एक फेरा. तीन शब्द, तिघांची कामं वेगळी, आणि गिरणीतल्या बायकांना यात कधी गोंधळ होत नाही.

गिरणीबाहेर मात्र स्पिन म्हटलं की वेग आणि मोकळेपणा आला. म्हणून तुमच्या मॅन्युअलमध्ये बेअरिंगला हवेनं स्पिन करू नका असं म्हटलंय. धुतलेलं कोरडं बेअरिंग हवेच्या झोतानं किंचाळत फिरतं, तेल नसल्यानं रोलर आणि रेस (रोलर ज्यावर फिरतात त्या कड्या) ओरबाडतात आणि फुटलं तर तुकडा अंगावर येतो. त्याच बेअरिंगबद्दल पुढच्या ओळीत ‘रोटेट स्लोली बाय हँड’ असेल, आणि दोन्हींत काही विसंगती नाही. रोटेट म्हणजे धरून, ताब्यात ठेवून. स्पिन म्हणजे सोडून दिलेलं. या मॅन्युअलपुरतं तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच : नॉब टर्न करा म्हणजे पाहिजे त्या खुणेवर आणा. चक हातानं रोटेट करा म्हणजे आसावर सावकाश फेरा द्या आणि कुठं अडकतं का बघा. बेअरिंग स्पिन करू नका म्हणजे सुसाट सोडू नका.

रोलचं थोडक्यात : फिरता फिरता पुढं जाणं. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये फिरतात ते रोल आणि त्यांच्यातून पुढं निघते ती सळई, तरी कामाचं नाव रोलिंगच. यापेक्षा जास्त खोलात जायची गरज नाही.

एक अट सांगायची राहिली. मॅन्युअलमधला प्रत्येक शब्द तोलून मापून लिहिलेला असतो असं धरून चालू नका. आपल्याकडच्या पुष्कळ मशीनची कागदपत्रं जर्मन किंवा जपानीतून इंग्रजीत आलेली असतात. जर्मनमध्ये ‘ड्रेहेन’ हा एकच शब्द फिरवणं, वळवणं आणि लेथवर टर्निंग करणं या सगळ्यांना चालतो. भाषांतर करणाऱ्यानं एकदा टर्न लिहिलं, एकदा रोटेट. अशा ठिकाणी शब्दाचा कीस काढून उपयोग नाही, शेजारची आकृती बघा. बाण जे सांगतो ते खरं.

आता मशीनपासून लांब जाऊ, कारण टर्नचे खरे चकवे बोलण्यात असतात.

पहिला वयाचा. ‘ही हॅज टर्न्ड एटीन’ म्हणजे १८ पूर्ण झाली. आपण घरी म्हणतो ‘पोराला अठरावं लागलं’, म्हणजे १७ पूर्ण होऊन अठरावं चालू. मराठीतलं ‘लागलं’ आणि इंग्रजीतलं ‘टर्न्ड’ कानाला सारखेच वाटतात, पण मधे वर्षाचा फरक आहे. नोकरीच्या फॉर्मवर किंवा मुलाखतीत आईचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर वय एका वर्षानं वाढून बसतं.

दुसरा पाळीचा. ‘इट्स माय टर्न’ म्हणजे माझा नंबर, माझी पाळी. जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. धरणातून पाणी सुटतं ते आवर्तन, पाटबंधारे खात्याच्या इंग्रजीत रोटेशन. डाव्या कालव्याची लांबीच २०८ किलोमीटर, तेव्हा एकाच वेळी सगळ्यांना पाणी कसं मिळणार? म्हणून चारीवर शेजपाळी लागते, शेपटाकडून मुखाकडे, आणि त्यात रात्री दोन वाजता एखाद्याची पाळी येते ती त्याची टर्न. सगळं चक्र ते रोटेशन, त्यातला आपला वाटा ती टर्न. शिफ्टचंही तसंच. ‘वुई वर्क इन रोटेशन’ म्हणा, पण ‘टुडे इज माय रोटेशन’ म्हणू नका. पिकाची फेरपालट हीसुद्धा क्रॉप रोटेशनच, कारण तिथं चक्र महत्त्वाचं.

तिसरा ‘होणं’चा. दूध नासलं, पानं पिवळी पडली, हवा गार झाली : इंग्रजीत तिन्हीकडे टर्न, ‘टर्न्ड सावर’, ‘टर्न्ड यलो’, ‘टर्न्ड कोल्ड’. इथं फिरण्याचा मागमूसही नाही, पण शेवटी काय झालं हा मूळ धागा शाबूत आहे. मराठीत मात्र यांना एक क्रियापद शोधत बसू नका. नासणं, पडणं, होणं, सुटणं, जिथलं तिथं वापरा. ‘दूध आंबट वळलं’ असं भाषांतर मी वहीत वाचलेलं आहे.

रस्त्याच्या बाबतीत आपण एक गंमत करून ठेवलीय. ‘टर्निंगवर उतरवा’ असं कंडक्टरला सांगतो, आणि टर्निंग म्हणजे वळण. कन्नडच्या औट्रम घाटातली वळणंही आपल्या तोंडी टर्निंगच. इंग्लंडमध्ये मात्र ‘टर्निंग’ म्हणजे मुख्य रस्त्यातून फुटलेला फाटा. ‘सेकंड टर्निंग ऑन द लेफ्ट’ म्हणजे डावीकडचा दुसरा फाटा, दुसरं वळण नव्हे. घाटातल्या वळणाला ‘बेंड’ म्हणा. एसटीत मात्र टर्निंगच म्हणा, नाहीतर बस थांबायची नाही.

शेवटी ईमेल. तिथं सगळ्यात जपून वापरायचा शब्द म्हणजे ‘टर्न डाउन’. लेथवर ‘टर्न डाउन टू ४० मिमी’ म्हणजे व्यास कमी करून ४० करणे. आवाज ‘टर्न डाउन’ म्हणजे कमी करा. आणि एखादी ऑफर ‘टर्न डाउन’ म्हणजे धुडकावली. आता तुम्ही लिहिलंत ‘द सॅम्पल वॉज टर्न्ड डाउन’ आणि पुढं माप लिहायचं राहिलं, तर पर्चेसवाला माणूस वाचणार की सॅम्पल नापास झालं. म्हणून माप त्याच वाक्यात, क्रियापदाला चिकटून येऊ द्या : ‘द शाफ्ट वॉज टर्न्ड टू ४० मिमी’. डाउनची गरजच नाही. सेकंड सेटअप सांगायचा असेल तर ‘द पार्ट वॉज टर्न्ड एंड फॉर एंड अँड री-क्लॅम्प्ड’. दिशा सांगायची असेल तर ‘रोटेट्स क्लॉकवाइज, व्ह्यूड फ्रॉम द ड्राइव्ह एंड’. टेस्टमध्ये स्पिंडल मोकळा फिरतोय एवढंच कळवायचं असेल तर ‘द स्पिंडल टर्न्स फ्रीली’ पुरेसं आहे, तिथं रोटेट घालून भारदस्तपणा आणायची गरज नाही. आणि कस्टमरनं नुसतं ‘टर्न ओव्हर’ लिहून पाठवलं असेल तर काम सुरू करण्याआधी एका ओळीत विचारा, ‘अबाउट विच ॲक्सिस?’ या प्रश्नाचा कुणाला राग आल्याचं मी तरी बघितलेलं नाही.